हिमावरील वैमानिक : कार्ल बेन आयल्सन

आमच्या इकडील मुलांस बर्फ ठाऊक असतो तो भुशांत झांकून आणलेल्या लादीच्या रूपानें, किंवा सरबताच्या पेल्यांत तरंगणाऱ्या खड्याच्या रूपानें. एखादें अख्खें सरोवर थंडीनें गोठावें, त्याच्या पाठीवरून माणसें, कुत्रीं व गाड्या चालाव्यात, आणि आकाशांतून येणाऱ्या विमानानेंही तेथेंच उतरावें, ही गोष्ट आपणांस कल्पनेनेंच जाणावी लागते. ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों त्याचें बहुतेक कर्तृत्व हिमावर आणि गोठलेल्या पाण्यावर घडलें, व त्याचा अंतही तशाच एका खाजणापाशीं झाला. त्याचें नांव कार्ल बेन आयल्सन. अलास्काच्या हिमप्रदेशांत विमानानें टपालाची पहिली सरकारी थैली नेणारा, उत्तर ध्रुवसमुद्रावरून अमेरिकेच्या किनाऱ्यापासून युरोपच्या बाजूस विमान नेणारा, आणि दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत पहिलें विमान उडविणारा, अशी त्याची कीर्ति आहे. आम्हांस मात्र त्याच्या चरित्रांतील दुसरी एक गोष्ट अधिक विचार करण्याजोगी वाटते. वरून सपाट, शुभ्र व सुरक्षित दिसणाऱ्या पृष्ठभागावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न त्याच्यापुढें दररोज उभा असे; आणि त्याचें उत्तर चुकलें तर प्राणाशींच गांठ असे.

कार्लचा जन्म २० जुलै १८९७ रोजीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नॉर्थ डकोटा येथील हॅटन नांवाच्या लहानशा गांवीं झाला. त्याचें घराणें नॉर्वेजियन वंशाचें होतें व वडील ओले आयल्सन यांचें गांवांत दुकान होतें. मुलानें चांगलें शिकून कायद्याचा किंवा तसाच एखादा सुस्थिर धंदा करावा, अशी वडिलांची इच्छा. मुलाचें चित्त मात्र आकाशाकडे लागलेलें. पहिल्या महायुद्धांत अमेरिका उतरली तेव्हां तो सैन्याच्या वैमानिक शाखेंत दाखल झाला आणि विमान चालविण्यास शिकला. परंतु त्यास युरोपांत पाठविण्यापूर्वींच १९१८ सालीं युद्ध संपलें. घरीं परतल्यावर त्यानें पुन्हां अभ्यासास आरंभ केला, मधून मधून जत्रांतून विमान उडवून दाखविलें, आणि शेवटीं वॉशिंग्टन शहरीं कायद्याच्या वर्गांत नांव घातलें. तेथें अलास्काचे प्रतिनिधि डॅन सदरलंड यांच्याशीं त्याची ओळख झाली. त्यांच्या तोंडून त्या अफाट उत्तर प्रदेशाची वर्णनें ऐकून त्याचें मन तिकडे ओढलें गेलें, व १९२२ सालीं तो फेअरबँक्स गांवच्या हायस्कुलांत शिक्षक होऊन गेला. आमच्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कीं पुढें दोन्ही ध्रुवप्रदेशांत नांव गाजविणारा हा पुरुष प्रथम गणित व शास्त्र शिकविणारा एक शाळामास्तर होता.

फेअरबँक्समध्यें राहून त्यास एक गोष्ट स्पष्ट दिसली. हिंवाळ्यांत त्या प्रदेशांतील खेडीं एकमेकांपासून तुटून जात. कुत्र्यांच्या घसरगाड्या हेंच काय तें वाहन. ज्या गांवीं आपण मोटारनें एका दिवसांत जाऊं तेथें पोंचण्यास त्यांना आठवडे लागत. टपाल, औषध, आजारी माणूस, सर्वांचा मार्ग तोच. विमान आलें तर हे आठवडे तासांवर येतील, असें आयल्सन भेटेल त्यास पटवूं लागला. गांवांतील कांहीं व्यापाऱ्यांनीं पैसे घातले, एक जुनें सैनिकी विमान विकत आणविलें, आणि जुलै १९२३ मध्यें तेथील चेंडूफळीच्या मैदानावरून त्यानें तें आकाशांत नेलें.

त्यानंतर त्यानें सरकारास विनंती केली कीं हिंवाळ्याची टपाल विमानानें नेऊन पाहण्याची संधि द्यावी. ती मान्य झाली व २१ फेब्रुवारी १९२४ रोजीं तो फेअरबँक्सहून मॅकग्राथ या गांवीं टपाल घेऊन निघाला. अंतर सुमारें २८० मैल. कुत्र्यांच्या गाडीस जें अंतर तोडावयास दोन-तीन आठवडे लागत तें त्यानें तीन तासांच्या आंत तोडलें. विमानाचा बसण्याचा कोनाडा उघडा, अंगावर कातडी कपड्यांचें ओझें, खालीं ओळखीची एकही खूण नाहीं, अशा स्थितींत हें उड्डाण झालें. परत येतांना वाटेंत अंधार पडला व तो मार्ग चुकला. गांवकऱ्यांनीं मैदानाजवळ मोठी होळी पेटविली होती. तिच्या उजेडाच्या अनुरोधानें तो आला. उतरतांना विमान नाकावर उलटलें व मोडतोड झाली, परंतु त्यास स्वतःस इजा झाली नाहीं. सगळें गांव त्यास खांद्यावर घेण्यास धांवलें. खुद्द राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनीं अभिनंदनाचें पत्र पाठविलें. तथापि पुढील खेपांत उतरतांना आणखी अपघात झाले, आणि कांहीं महिन्यांतच टपाल खात्यानें करार संपवून विमान परत मागविलें. उड्डाण जिंकलें होतें. उतरणें अजून जिंकावयाचें होतें.

येथें थोडें थांबून, गोठलेल्या पाण्यावर उतरण्याचें हें काम काय असतें तें पाहिलें पाहिजे. त्यावांचून आयल्सनच्या आयुष्याचा अर्थ नीट कळणार नाहीं. अलास्काच्या हिंवाळ्यांत विमानास उतरण्याजोगी मोकळी सपाट जागा म्हणजे बहुधा गोठलेली नदी किंवा सरोवर हीच होय. बाकी सर्वत्र अरण्य, डोंगर आणि खांचखळगे. चाकें मऊ हिमांत रुततात, म्हणून तीं काढून त्यांच्या जागीं स्की म्हणजे पुढच्या टोंकाशीं वर वळलेल्या लांब, रुंद फळ्या बसवितात. त्यांनीं भार पसरतो व विमान घसरत पुढें जातें. परंतु साध्या स्कींस ब्रेक नसतो. निसरड्या बर्फावर एकदां टेकलेलें विमान केव्हां व कोठें थांबेल हें सर्वस्वी वैमानिकाच्या हातीं राहत नाहीं.

पहिला धोका बर्फाच्या जाडीचा. पाणी गोठतांना प्रसरण पावतें, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो व सरोवर वरून खालीं गोठत जातें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानांत वाचलेंच आहे. परंतु सर्व सरोवर सारखें गोठत नाहीं. जेथें ओढा येऊन मिळतो, जेथें तळाशीं झरा असतो, जेथें पाणी अरुंद जागेंतून वाहतें, तेथें बर्फ पातळ राहतो. वर हिमाचा जाड थर पडला तर तो पांघरुणासारखा होतो. मग बाहेरची थंडी खालच्या बर्फापर्यंत पोंचत नाहीं व त्याची जाडी हळूहळूच वाढते. स्वच्छ, काळसर दिसणारा बर्फ बळकट असतो. भिजलेलें हिम गोठून झालेला पांढुरका बर्फ त्याच्या सुमारें निम्म्याच बळाचा धरतात. म्हणजे डोळ्यांस जो शुभ्र दिसतो तोच अधिक दुबळा.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. हिमाच्या भारानें बर्फाचें पटल खालीं दबतें, भेगांतून पाणी वर येतें आणि हिमाच्या थराखालीं न गोठतां लपून राहतें. वरून पाहणाऱ्यास कोरडें हिम दिसतें. विमान टेकतांच स्की त्या चिखलासारख्या थरांत बुडतात, आणि वेळीं बाहेर न निघाल्यास थोड्याच वेळांत दगडासारख्या गोठून बसतात. कोरड्या हिमावरही घर्षणानें स्कीखालीं पाण्याचा पातळ पापुद्रा होतो व विमान थांबलें कीं तो गोठतो. म्हणून जाणते वैमानिक विमान उभें करतांना स्कींखालीं फांद्या किंवा ओंडके घालतात. तिसरा धोका वाऱ्यानें रचलेल्या लाटांचा. त्या दिसतात मऊ, पण असतात कठीण. त्यांवर आदळून स्की व पाय मोडतात.

आणि चौथा धोका प्रकाशाचा. आकाश ढगांनीं झांकलेलें, खालीं अखंड पांढरें हिम, कोठें सांवली नाहीं, क्षितिजाची रेघ नाहीं. अशा वेळीं जमीन दहा फुटांवर आहे कीं शंभर फुटांवर, हें डोळ्यांस सांगतां येत नाहीं. यावर उत्तरेकडील वैमानिकांनीं साधे उपाय बसविले. उतरण्यापूर्वीं सूचिपर्णी झाडांच्या फांद्या खालीं टाकावयाच्या, म्हणजे त्या काळ्या ठिपक्यांवरून उंची कळते. प्रथम स्की हिमावर नुसत्या ओढून पुन्हां वर जावयाचें, आणि वळून येऊन आपल्याच चाकोऱ्यांकडे पहावयाचें. त्या काळ्या पडल्या तर खालीं पाणी आहे असें समजून दुसरी जागा शोधावयाची. हे नियम आज वाचण्यास सोपे आहेत. आयल्सन हा त्या मार्गावरील अगदीं पहिल्यांपैकीं एक. त्यास पुस्तकांतून किंवा गुरूकडून हें शिकण्याची सोय नव्हती.

१९२६ सालापासून ऑस्ट्रेलियन संशोधक जॉर्ज ह्यूबर्ट विल्किन्स यांच्याबरोबर तो ध्रुवसमुद्राच्या शोधास लागला. २९ मार्च १९२७ रोजीं ते दोघे अलास्काच्या उत्तर टोंकावरील पॉइंट बॅरो येथून निघाले आणि शेंकडों मैल समुद्रावर गेले. इंजिन बिघडल्यामुळें त्यांना तरंगत्या बर्फावर उतरावें लागलें. किनाऱ्यापासून इतक्या दूर, ज्या बर्फाची जाडी कोणी मोजलेली नाहीं त्यावर विमान टेकविणें ही लहान गोष्ट नव्हे. तेथें विल्किन्सनीं प्रतिध्वनीच्या साह्यानें समुद्राची खोली मोजली, आणि आयल्सननें उघड्या हातांनीं इंजिन दुरुस्त केलें. त्या हिमवाऱ्यांत त्याचीं बोटें गारठलीं. पुढें एक बोट कापावें लागलें. परतीच्या वाटेवर रात्र पडली, वादळ सुटलें आणि तेल संपलें. अंधारांत, इंजिन बंद पडलेलें, खालीं काय आहे तें दिसत नाहीं, अशा स्थितींत त्यानें विमान तरंगत खालीं आणलें व बर्फावर टेकविलें. उजाडल्यावर पाहतात तों सभोंवार बर्फाचे उंच बांध. वादळ शमेपर्यंत पांच दिवस ते विमानांतच राहिले. मग विमानाच्या कांहीं भागांच्या ओढगाड्या करून ते पायीं निघाले. वाटेंत विल्किन्स पातळ बर्फ फुटून पाण्यांत पडले, पण बाहेर निघाले. सुमारें तेरा दिवसांच्या चालीनंतर दोघेही किनाऱ्यावरील वखारींत जिवंत पोंचले.

दुसरा कोणी असता तर हा प्रदेश पुन्हां पाहिला नसता. हे दोघे पुढील वर्षीं परत आले. १५ एप्रिल १९२८ रोजीं बॅरोहून स्कीवर उड्डाण करून त्यांनीं ध्रुवसमुद्रावरील सुमारें २,२०० मैलांचा मार्ग वीस तासांहून थोड्या अधिक वेळांत आक्रमिला. स्पिट्सबर्गेनजवळ वादळानें गांठलें तेव्हां आयल्सननें दिसेल त्या एका हिमाच्छादित पट्टीवर विमान उतरविलें, व पांच दिवस तेथेंच काढावे लागले. निघतांना स्की हिमांतून सुटेनात. विल्किन्स खालीं उतरून ढकलूं लागले. विमान सुटलें, परंतु विल्किन्सना चढतां आलें नाहीं आणि आयल्सन एकटाच वर गेला. सोबती खालीं राहिला हें कळतांच तो परत उतरला. दुसऱ्यांदाही तसेंच झालें. तेल कमी होत चाललेलें, जागा आडवाटेची. तरी प्रत्येक वेळीं तो परत फिरला, आणि तिसऱ्या खेपेस दोघे मिळून उडाले. या प्रवासाबद्दल विल्किन्स यांस सर ही पदवी मिळाली व आयल्सनचें नांव जगभर झालें. आमच्या मतें मात्र त्या प्रवासांतील सर्वांत थोर क्षण हे दोनदां परत फिरण्याचेच होत.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते दक्षिणेस डिसेप्शन बेटावर गेले. तेथें बंदरांतील बर्फाची धांवपट्टी करावी असा बेत होता, परंतु त्या वर्षीं बर्फ कच्चा निघाला व एकदां तो विमानाखालीं फुटलाही. विमान बुडतां बुडतां वाचलें. तेव्हां बर्फाचा हट्ट सोडून त्यांनीं ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीवर खडबडीत वाट तयार केली, चाकें बसविलीं आणि २० डिसेंबर १९२८ रोजीं सुमारें १,३०० मैलांचें उड्डाण करून तोंपर्यंत कोणीं न पाहिलेला प्रदेश पाहिला. बर्फ भरंवशाचा नाहीं असें दिसतांच बेत बदलणें, ही खरी विद्या त्यानें आतां मिळविली होती.

१९२९ सालीं तो अलास्कांत परतला व एका नव्या विमान कंपनीचा प्रमुख झाला. त्या शरद्ऋतूंत सैबीरियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ नानुक नांवाचें व्यापारी जहाज बर्फांत अडकलें. त्यावर सुमारें दहा लक्ष डॉलर किंमतीचीं केसाळ कातडीं होतीं आणि मालक ओलाफ स्वेन्सन, त्याची तरुण कन्या व खलाशी होते. माल व माणसें आणण्याचा करार आयल्सनच्या कंपनीनें घेतला. ऑक्टोबरच्या अखेरची पहिली खेप सुखरूप झाली. ९ नोव्हेंबर १९२९ रोजीं आयल्सन व त्याचा यंत्रज्ञ अर्ल बोरलंड हे अलास्कांतील टेलर गांवाहून पुन्हां निघाले. हवा वाईट होती. त्याच दिवशीं निघालेला दुसरा एक वैमानिक मध्येंच परत फिरला. आयल्सन फिरला नाहीं. आणि जहाजापाशीं तो पोंचलाही नाहीं.

त्यानंतर जो शोध झाला तो मनुष्यजातीस भूषणावह आहे. अलास्का, कॅनडा व रशिया येथील वैमानिक भर हिंवाळ्यांत, दिवसाचा उजेड घटकाभर उरलेला असतां, गोठलेल्या खाजणांवर उतरत व तेथून उडत त्या दोघांना शोधीत राहिले. दोन राष्ट्रांचा त्या वेळीं एकमेकांशीं राजनैतिक संबंधही नव्हता. तरी माणसांनीं माणसांस साह्य केलें. अडीच महिन्यांनंतर, जानेवारी १९३० च्या अखेरीस, जो क्रॉसन व हॅरल्ड गिलम या वैमानिकांना आम्ग्येमा खाजणाजवळ हिमांतून वर आलेला विमानाचा पंख दिसला. जहाज तेथून सुमारें नव्वद मैलांवर होतें. फेब्रुवारींत रशियन माणसांनीं हिम खणून दोघांचीं प्रेतें बाहेर काढलीं, आणि रशियन वैमानिक स्लेपनेव्ह यानें तीं सन्मानानें अलास्कांत पोंचविलीं. मार्च महिन्यांत हॅटन गांवीं आयल्सनचें दफन झालें. त्याचें वय अवघें बत्तीस वर्षांचें होतें.

अपघाताचें कारण म्हणून उंची दाखविणाऱ्या यंत्राकडे बोट दाखविण्यांत आलें. मोडक्या विमानांतील तें यंत्र जमिनीवर असूनही सुमारें हजार फूट उंची दाखवीत होतें. हें यंत्र हवेच्या दाबावरून उंची सांगतें. वादळांत दाब उतरला आणि यंत्र त्याप्रमाणें जुळविलें नाहीं, तर तें खऱ्याहून अधिक उंची दाखवितें. खालीं पांढरें, वर पांढरें, मधें उडतें हिम. डोळे कांहीं सांगत नाहींत आणि यंत्र खोटें सांगतें. ज्यानें अनेकदां अंधारांतही विमान खालीं आणलें, त्यास या वेळीं आपण जमिनीजवळ आहों हेंच कळलें नसावें.

आम्ही हें चरित्र सजवून सांगूं इच्छीत नाहीं. कित्येक वैमानिकांनीं रोग्यासाठीं औषध नेतांना प्राण संकटांत घातले. आयल्सनची शेवटची खेप बहुतांशीं कातड्यांच्या मालासाठीं होती. तो माल वसंतऋतूपर्यंत थांबला असता तर जगाचें फारसें बिघडलें नसतें. मग तो त्या दिवशीं कां निघाला? जहाजावर माणसें होतीं, शब्द दिलेला होता, नव्या कंपनीची अब्रू होती. आणि इतक्या वेळां वांचल्यावर माणसास आपण याही वेळीं वांचूं असें वाटूं लागतें. यांतील कोणतें कारण प्रबळ ठरलें याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु सोबत्यासाठीं दोनदां परत फिरलेला हा धैर्यशाली पुरुष, हवेसाठीं एकदां परत फिरता, तर त्याचें धैर्य तिळमात्र कमी ठरलें नसतें, एवढें म्हटल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. शिवाय त्याच्या शेजारीं बोरलंडही बसला होता, व त्याच्या घरीं बायको व लहान मुलें वाट पहात होतीं.

अलास्कांतील देनाली राष्ट्रीय उद्यानांतील एका पर्वतास आयल्सनचें नांव दिलें आहे; फेअरबँक्सजवळील मोठ्या सैनिकी विमानतळासही त्याचेंच नांव आहे. याहून मोठें स्मारक त्या प्रदेशांतील सामान्य लोकांच्या जीवनांत आहे. ज्या खेड्यांस सडक नाहीं तेथें टपाल, डॉक्टर व औषध आज विमानानें पोंचतें, आणि हिंवाळ्यांत लहान विमानें अद्यापि स्की लावून सरोवरांवर उतरतात. उतरण्यापूर्वीं त्यांचे चालक स्की हिमावर ओढून, वर जाऊन, वळून आपल्याच चाकोऱ्या काळ्या पडल्या कीं काय हें पाहतात.

विद्यार्थी मित्रांनो, पुढें तुमच्याही वाटेवर अशीं शुभ्र, सपाट मैदानें येतील, कीं जीं पाहतांच पाऊल टाकावेंसें वाटेल. तुमच्या आईवडिलांची भीति तुम्हीं पाऊल टाकूंच नये ही नसते. तुम्हीं न पारखतां टाकूं नये, ही असते. आयल्सनपासून नवी वाट पाडण्याची हौस घ्या, हाताचें काम न सोडण्याची चिकाटी घ्या, सोबत्यास मागें न टाकण्याचें ब्रीद घ्या. आणि त्याच्या अखेरच्या दिवसापासून हें घ्या, कीं देवानें दिलेला जीव, आपला तसाच आपल्या शेजारीं बसलेल्याचा, जपण्यासाठीं परत फिरणें यांत कमीपणा नाहीं.